मोशेच्या शरीरावरून झालेला वाद : यहूदाच्या पत्रातील नववे वचन कसे वाचावे

यहूदाचे पत्र नव्या करारात शेवटून दुसरे येते आणि त्यात अवघी २५ वचने असल्यामुळे ते अनेकांच्या वाचनातून सहज निसटते. जो ते वाचतो तो मात्र नवव्या वचनापाशी बहुधा अडतो. आद्यदेवदूत मीखाएल मोशेच्या शरीराविषयी सैतानाशी वाद घालत असताना त्यानेसुद्धा सैतानाची निंदा करून त्याला दोषी ठरवण्याचे धाडस केले नाही, 'प्रभू तुला धमकावो' एवढेच तो म्हणाला, असा त्या वचनाचा आशय आहे. हा वाद कधी झाला, कशावरून पेटला आणि शेवटी त्या शरीराचे काय झाले, याबद्दल यहूदा एक अक्षरही लिहीत नाही. जुना करार पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळला तरी ही घटना त्यात सापडत नाही.

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर बायबल-अभ्यासाचे लहान गट घराच्या ओटीवर किंवा पडवीत भरतात, पाळक दूरच्या गावाहून अधूनमधून येतात, आणि एरवी गटातल्याच कोणीतरी वचन समजावून सांगण्याची जबाबदारी घ्यावी लागते. अशी जबाबदारी नव्याने अंगावर आलेल्यांसाठी हे टिपण आहे. यासाठी ग्रीक किंवा हिब्रू येण्याची गरज नाही. शक्य झाल्यास दोन वेगवेगळी मराठी भाषांतरे, एक वही आणि दोन-तीन संध्याकाळी एवढी सामग्री पुरेशी आहे.

आधी संपूर्ण पत्र मोठ्याने वाचावे

नव्या करारातील वचनांचे आकडे मूळ लेखकांनी घातलेले नाहीत. आज आपण वापरतो ती विभागणी रोबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाने १५५१ साली छापलेल्या आवृत्तीतून रूढ झाली. त्यामुळे नववे वचन वेगळे उचलून त्यावर विचार करणे म्हणजे यहूदाचे वाक्य अर्ध्यावर तोडण्यासारखे होते. पत्र आरंभापासून शेवटपर्यंत सावकाश वाचायला पाच-सात मिनिटे लागतात. ते एकाने वाचावे आणि इतरांनी ऐकावे, कारण कानाला जो ओघ कळतो तो आकड्यांनी तुकडे झालेल्या पानावर डोळ्यांना कळत नाही.

असे वाचल्यावर यहूदाची तक्रार स्पष्ट होते. मंडळीत काही माणसे चोरपावलांनी शिरली आहेत आणि देवाच्या कृपेचा आधार घेऊन ती स्वैर वागत आहेत. आठव्या वचनात त्यांच्याविषयी तीन गोष्टी सांगितल्या आहेत: ते देह विटाळतात, अधिकार झुगारतात आणि थोर स्वर्गीय जनांची निंदा करतात. लगेच नवव्या वचनात मीखाएलाचे उदाहरण येते, आणि दहाव्यात यहूदा पुन्हा त्या माणसांकडे वळून म्हणतो की ज्या गोष्टी त्यांना समजत नाहीत त्यांचीही ते निंदा करतात. म्हणजे नववे वचन दोन बाजूंनी निंदेच्या विषयाने वेढलेले आहे. मोशेचे शरीर हा त्या उदाहरणातील प्रसंग आहे. यहूदाचा मुद्दा मीखाएलाच्या बोलण्यात आहे. हा फरक पहिल्याच संध्याकाळी गटाच्या ध्यानात आणून दिला, तर पुढचा निम्मा गोंधळ टळतो.

वहीच्या पानावर दोन रकाने पाडावेत

डाव्या रकान्यात वचनात जे आहे तेवढेच लिहावे: मीखाएल, सैतान, वाद, मोशेचे शरीर, न केलेली निंदा, उच्चारलेले एक वाक्य. उजव्या रकान्यात जे नाही ते लिहावे: वादाचा काळ, वादाचे कारण, वादाचा निकाल, आणि मोशे उठवला गेला की नाही. उजवा रकाना नेहमीच लांब होतो, आणि पुढे कोणीही ठामपणे काही सांगू लागला की ते कोणत्या रकान्यातले आहे हे पाहण्याची सवय गटाला लागते.

मीखाएलाच्या बाबतीत ही सवय विशेष उपयोगी पडते. किनाऱ्यावरच्या कितीतरी ख्रिस्ती घरांत तो चित्रांतून ओळखीचा असतो: हातात तलवार, कधी तराजू, आणि पायाखाली सैतान. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ साली छापलेल्या मराठी क्रिस्तपुराणासारख्या रचनांनीही देवदूतांच्या पतनाची कथा आपल्या भाषेत रंगवून ठेवली आहे. प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात मीखाएल खरोखरच अजगराशी लढतो, म्हणून त्या चित्राला आधार नाही असे नाही. यहूदाच्या पत्रात मात्र त्याच्या हाती काहीच नाही. तो फक्त बोलतो, आणि तेही मोजके. मीखाएल म्हणजेच ख्रिस्त असे मानणारेही काही पंथ आहेत. दानीएलाच्या दहाव्या अध्यायात तो प्रमुख अधिपतींपैकी एक म्हणून येतो आणि यहूदा त्याला प्रभूकडे निकाल सोपवणारा म्हणून दाखवतो, एवढे नोंदवून गटाने पुढे जावे, कारण या वादात शिरले की मूळ वचन बाजूला राहते.

मवाबातील कबर

आता अनुवादाचा चौतिसावा अध्याय उघडावा. मोशे १२० वर्षांचा असताना मवाब देशात मरण पावतो. त्याची दृष्टी मंद झालेली नसते. परमेश्वर त्याला बेथ-पौरासमोरच्या खोऱ्यात पुरतो आणि त्याची कबर कोणालाही माहीत नाही, असे तेथे म्हटले आहे. लोक ३० दिवस शोक करतात. बायबलमध्ये इतक्या मोठ्या माणसाच्या अंत्यविधीबद्दल इतके कमी आणि इतके विलक्षण अन्यत्र क्वचितच लिहिलेले आढळते. कबर अज्ञात असल्यामुळे तिच्याभोवती कथा जमणे अगदी स्वाभाविक होते.

त्या खोऱ्याचे स्थानही पाहण्याजोगे आहे. पौर म्हणजे तेच ठिकाण जेथे इस्राएल लोक मूर्तिपूजेत आणि व्यभिचारात अडकले होते; गणनेच्या पंचविसाव्या अध्यायात ती हकिकत आहे. राष्ट्राच्या लाजेच्या जागेसमोर त्या राष्ट्राचा पुढारी पुरला गेला. स्वतः मोशेही निष्कलंक नव्हता. त्याने एका मिसरी माणसाला मारून वाळूत लपवले होते (निर्गम २), आणि मरीबा येथे खडकावर काठी मारताना त्याने देवाचे पावित्र्य राखले नाही म्हणून त्याला वचनदत्त देशात पाऊल ठेवता आले नाही (गणना २०). सैतानाला आरोप करायचाच असेल तर साहित्याची वाण नव्हती, हे येथे वहीत टिपून ठेवावे.

जखऱ्याचा दृष्टान्त: येथे घाई करू नये

मीखाएलाचे वाक्य त्याचे स्वतःचे नाही. तेच वाक्य जखऱ्याच्या तिसऱ्या अध्यायात, यहूदाच्या कितीतरी शतके आधी, उच्चारले गेले आहे. दारयावेश राजाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे साधारण इसवी सनापूर्वी ५१९ च्या सुमारास, बाबेलच्या बंदिवासातून परतलेले लोक यरुशलेमेत मोडके मंदिर पुन्हा उभारत असताना जखऱ्याला रात्री दृष्टान्त होतात. त्यांपैकी एकात मुख्य याजक यहोशवा परमेश्वराच्या दूतापुढे उभा आहे आणि त्याच्या उजव्या बाजूला सैतान त्याच्यावर आरोप ठेवण्यासाठी उभा आहे. परमेश्वर सैतानाला म्हणतो, 'परमेश्वर तुला धमकावो', आणि यहोशवाविषयी विचारतो की हा आगीतून ओढून काढलेले कोलीत नाही काय.

गटाला येथे एकच प्रश्न विचारावा आणि उत्तरासाठी थांबावे: सैतानाचा आरोप खोटा होता का? बहुतेक जण पटकन 'हो' म्हणतात. मग चौथ्यापर्यंतची वचने पुन्हा वाचून घ्यावीत. यहोशवाच्या अंगावरची वस्त्रे खरोखरच मळलेली आहेत, आणि मजकूर ते लपवत नाही. ती वस्त्रे स्वच्छ होती असा निर्वाळा कोणी देत नाही. ती काढून त्याला उत्सवाची वस्त्रे घालण्याची आज्ञा होते. यहोशवा स्वतः संपूर्ण दृष्टान्तात एक शब्दही बोलत नाही. आरोप करणाऱ्याजवळ खरी माहिती असू शकते. निकाल देण्याचा हक्क मात्र त्याच्याजवळ नसतो. माझ्या मते यहूदाच्या नवव्या वचनाची किल्ली येथे आहे, आणि मोशेबद्दल वर टिपलेली माहिती येथे कामाला येते. मोशेनेही मिसरी माणसाला मारले होते. त्याच्याविरुद्धची बाजू पोकळ नव्हती, तरी त्याच्या शरीराचे काय करायचे हे ठरवणे सैतानाच्या हाती नव्हते.

जमिनीच्या आणि भाऊबंदकीच्या दाव्यांसाठी तालुक्याच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आपल्या कोकणात हे समजावणे अवघड नाही. समोरच्या वकिलाने दाखवलेला सातबारा खरा असू शकतो, आणि आपल्या वकिलाला त्याचा कितीही राग आला तरी तो खुर्चीवर चढून निकाल वाचू लागत नाही. तो न्यायाधीशाकडे वळून बोलतो. मीखाएल तेच करतो. सैतानासारख्या प्रतिवाद्यालाही दोषी ठरवण्याचे काम तो स्वतःकडे घेत नाही.

यहूदाच्या मनात जखऱ्याचा हाच अध्याय होता याचा पुरावा त्याच्याच पत्रात पुढे मिळतो. बाविसाव्या-तेविसाव्या वचनांत तो वाचकांना सांगतो की काहींना आगीतून ओढून वाचवा, आणि देहाने डागळलेल्या वस्त्राचाही तिटकारा धरा. आगीतून ओढलेले कोलीत आणि मळलेली वस्त्रे या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणाहून आल्या आहेत हे गटातील एखाद्याने स्वतः शोधून काढले, तर ते सांगण्यापेक्षा अधिक टिकते; म्हणून ही वचने शेजारी शेजारी वाचायला द्यावीत आणि काही क्षण गप्प बसावे.

काही टीकाकार याच साम्यावरून असे सुचवतात की 'मोशेचे शरीर' म्हणजे इस्राएल राष्ट्र, जसे ख्रिस्ताचे शरीर म्हणजे मंडळी, आणि यहूदा जखऱ्याच्या दृष्टान्ताचाच उल्लेख करत आहे. कल्पना चतुर आहे, पण पटण्यासारखी नाही. बायबलमध्ये इस्राएल राष्ट्राला कोठेही मोशेचे शरीर म्हटलेले नाही, आणि जखऱ्याच्या त्या अध्यायात मीखाएलाचे नावही नाही.

ही कथा यहूदाला कोठे मिळाली

या प्रश्नावर नवशिक्या वाचकाची श्रद्धा कधी कधी डळमळते, म्हणून उत्तर सरळ द्यावे. तिसऱ्या शतकातील ओरिगेन हा विद्वान सांगतो की यहूदाने हा प्रसंग मोशेच्या स्वर्गारोहणाविषयीच्या एका ग्रंथातून घेतला. मोशेच्या अखेरच्या बोलण्याविषयीचा एक जुना यहूदी ग्रंथ मिलान येथील अँब्रोसियन ग्रंथालयातील लॅटिन हस्तलिखितात सापडला आणि अंतोनिओ चेरियानी यांनी तो १८६१ साली प्रसिद्ध केला. पण त्याचा शेवटचा भाग नष्ट झालेला आहे, आणि उपलब्ध पानांत हा वाद नाही. नंतरच्या काही ख्रिस्ती लेखकांनी या कथेचे जे अवशेष जपले आहेत त्यांत सैतान मोशेवर मिसरी माणसाच्या खुनाचा आरोप करून त्याचे शरीर सन्मानाने पुरण्यास हरकत घेतो. म्हणजे त्या परंपरेतही वाद आरोपाचाच होता.

यहूदा चौदाव्या-पंधराव्या वचनांत हनोखाच्या ग्रंथातूनही उद्धृत करतो. त्या ग्रंथाचे अरामी तुकडे मृत समुद्राजवळच्या कुमरान येथे मिळाले आहेत आणि इथिओपियाची ऑर्थोडॉक्स मंडळी तो आजही पवित्र शास्त्रात धरते. इतर बहुतेक मंडळ्या धरत नाहीत. याच उद्धरणामुळे अनेक जण यहूदाचे पत्र नाकारतात, असे जेरोमने चौथ्या शतकाच्या अखेरीस नोंदवून ठेवले आहे, तेव्हा आपल्याला पडलेला प्रश्न नवा नाही. पौलाने अथेन्समध्ये ग्रीक कवीची ओळ वापरली (प्रेषितांची कृत्ये १७) म्हणून तो कवी संदेष्टा ठरला नाही. वाचकांना ठाऊक असलेली कथा लेखक आपल्या मुद्द्यासाठी वापरू शकतो, आणि त्याने ज्या मुद्द्यासाठी ती वापरली तो मुद्दा आपण स्वीकारतो. प्रसंग जसाच्या तसा घडला असे मानणारे आणि यहूदाने केवळ परिचित कथेचा दाखला दिला असे मानणारे, दोघेही एकाच गटात बसून हे वचन प्रामाणिकपणे वाचू शकतात.

पेत्राच्या दुसऱ्या पत्राचा दुसरा अध्यायही याच वेळी पाहावा. त्यात यहूदाच्या पत्राशी पुष्कळ साम्य आहे, परंतु अकराव्या वचनात मोशेचे शरीर आणि मीखाएलाचे नाव दोन्ही गाळून एवढेच म्हटले आहे की देवदूत प्रभूसमोर निंदायुक्त आरोप करत नाहीत. कथेशिवायही मुद्दा उभा राहतो, हे त्यावरून दिसते.

मोशे शरीराने उठवला गेला होता का

मीखाएल मोशेला कबरेतून उठवण्यासाठी आला होता आणि सैतानाने त्याला अडवले, असे काही शिक्षक ठामपणे सांगतात. यूट्यूबवरची प्रवचने आता प्रत्येक वाडीत पोहोचलेली असल्यामुळे हा विचार गटात कोणीतरी मांडणारच. त्याला हसून बाजूला सारू नये, कारण त्यामागे खरी वचने आहेत. रूपांतराच्या डोंगरावर मोशे आणि एलीया येशूशी बोलताना शिष्यांना दिसले (लूक ९). एलीया मृत्यूशिवाय वावटळीतून वर घेतला गेला होता (२ राजे २), मग मोशेलाही शरीर असावे असा तर्क केला जातो. दानीएलाच्या बाराव्या अध्यायात मीखाएल उभा राहतो आणि लगेच पुढच्या वचनात मातीत निजलेल्यांपैकी पुष्कळ जण जागे होतात. संपूर्ण नव्या करारात आद्यदेवदूताचा उल्लेख दोनदाच येतो, एकदा यहूदाच्या या वचनात आणि एकदा १ थेस्सलनीकाकरांस ४:१६ मध्ये, जेथे त्याच्या वाणीबरोबर ख्रिस्तात मेलेले उठतात. आद्यदेवदूताचा पुनरुत्थानाशी संबंध शास्त्रानेच जोडलेला आहे.

आता दुसरी बाजू. मत्तयाच्या सतराव्या अध्यायात डोंगरावरून उतरताना येशू त्या प्रसंगाला दर्शन म्हणतो. शमुवेल मेल्यानंतर शौलाला दिसला (१ शमुवेल २८) म्हणून तो उठवला गेला होता असे कोणी मानत नाही. सर्वांत जड वचन पौलाचे आहे: ख्रिस्त महानिद्रा घेणाऱ्यांतील प्रथमफळ, म्हणजे मेलेल्यांतून कायमचा उठलेला पहिला, आहे (१ करिंथकरांस १५:२०). सारफथच्या विधवेचा मुलगा किंवा लाजर पुन्हा मरण्यासाठी उठले, त्यामुळे ते या वचनाच्या आड येत नाहीत. मोशे मात्र ख्रिस्ताआधीच कायमच्या गौरवी शरीराने उठला असे म्हटले तर प्रथमफळाचा अर्थ सैल होतो. त्यामुळे मोशेचे पुनरुत्थान 'शक्य, पण सांगितलेले नाही' या सदरात ठेवावे, उजव्या रकान्यात, आणि त्यावर शिकवण उभारू नये. पुनरुत्थानाविषयी मोशेकडूनच पुरावा हवा असेल तर येशूने पुनरुत्थान न मानणाऱ्या सदूकी पंथीयांना तो दिलेला आहे: जळत्या झुडपाच्या प्रकरणात देव स्वतःला अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांचा देव म्हणवतो, आणि तो मेलेल्यांचा नव्हे तर जिवंतांचा देव आहे (मार्क १२:२६-२७).

एलीयाचा विषय निघाला की अलिबाग तालुक्यातील वाचकांना खंडाळ्याचा खडक आठवेल. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातील मराठी बोलणाऱ्या यहूदी लोकांच्या परंपरेनुसार एलियाहू हन्नबीचा, म्हणजे एलीया संदेष्ट्याचा, रथ तेथून गेला आणि त्याची खूण खडकावर उमटली. ती जागा त्यांच्या श्रद्धेची आहे; ती पाहायला गेलात तर आदराने जावे आणि तेथे मोशेच्या शरीराचा वाद काढू नये.

मला विचाराल तर या वचनातून शरीराविषयी एक गोष्ट मात्र खात्रीने निघते. मेलेल्या माणसाचे शरीर म्हणजे टाकून दिलेले टरफल असे यहूदा मानत असता, तर त्यावरून आद्यदेवदूत वाद घालतो हा दाखला त्याच्या वाचकांना निरर्थक वाटला असता. हर्णैपासून मालवणपर्यंतच्या बंदरांत असे कुटुंब सापडतेच ज्यातला माणूस होडीवर गेला आणि त्याचा देहही परत आला नाही. गटात अशी बाई बसलेली असेल आणि तिने विचारले की कबर नाही त्याचे काय, तर तिला अनुवाद ३४ वाचून दाखवावे, मग प्रकटीकरण २०:१३, जेथे समुद्र आपल्यातील मेलेले परत देतो. माणसांना कबर माहीत नसणे आणि देवाला माहीत नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे बोलून थांबावे; मीखाएल आणि सैतान यांच्या वादाचा तपशील त्या वेळी काढण्याचे काही कारण नाही.

वचन लागू करताना दोन खबरदाऱ्या

बाधा झाली आहे असे समजून कोणाला प्रार्थनेसाठी आणले की 'प्रभू तुला धमकावो' हे वाक्य वरचेवर, आवाज चढवत, मंत्रासारखे म्हटले जाते. मीखाएलाने ते ज्या संयमाने उच्चारले त्याच्या हे नेमके उलट आहे. माणूस आजारी असेल तर त्याला आधी डॉक्टरांकडे न्यावे, आणि प्रार्थना शांतपणे करावी.

दुसरी चूक पुढारी करतात. मीखाएलानेसुद्धा निंदा केली नाही, मग तुम्ही पाळकाविरुद्ध किंवा कमिटीच्या हिशेबाविरुद्ध कसे बोलता, असे या वचनाच्या आधारे सांगितले जाते. यहूदाने हे पत्रच मंडळीतील लबाड माणसांना उघडे पाडण्यासाठी लिहिले आहे, आणि त्यांना जुन्या करारातील काइन, बलाम व कोरह या दुराचाऱ्यांच्या रांगेत बसवताना त्याची लेखणी अडखळत नाही. चूक दाखवणे वेगळे, आणि माणसाचा अंतिम निकाल आपल्या हाती घेणे वेगळे. हिशेब विचारावा, आणि तो सभेत, नावानिशी, कागद समोर ठेवून विचारावा.

पहिल्या बैठकीत पूर्ण पत्र आणि दोन रकाने एवढेच घ्यावे. दुसऱ्या बैठकीत अनुवाद ३४ आणि जखऱ्या ३ घ्यावेत, आणि त्यातही जास्त वेळ जखऱ्याला द्यावा. पुनरुत्थानाचा प्रश्न तिसऱ्या बैठकीसाठी राखून ठेवावा. तो विषय आधी निघाला तर वहीत लिहून घेऊन पुढे जावे, कारण जखऱ्या वाचण्याआधी त्यावर केलेली चर्चा हमखास भरकटते.